कंपायलर कुणी काढला?

मित्रांनो, मी पुएर्तो याताय गावच्या रेडिओ केंद्रातला एक जुना संगणक आहे. हल्ली मी ओसरीत असतो आणि माझ्या डोक्यावर तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या थंडगार पेयाचा, थर्मास ठेवतात. त्याचं मला फारसं दुःख नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो मी आज सांगणार आहे.

माझा जन्म राजधानीत, असुन्सिओनमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. मोडक्या संगणकांचे भाग जोडून लिदुविना ओविएदो हिने मला उभं केलं. माझ्यात तिने एका डिस्कवरून मुक्त स्रोताची प्रणाली घातली. म्हणजे अशी, की जिचा मूळ मजकूर कुणीही वाचावा आणि हवा तसा बदलावा. त्याच डिस्कवरून तिने कंपायलरही घातला. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणतो, तो कंपायलर. तो नसेल तर मूळ मजकूर नुसता वाचत बसायचा!

पुढे लिदुविना गावी परतली आणि दोन्या सेफेरिनाच्या, म्हणजे सेफेरिनाबाईच्या, रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागली. मीही सोबत आलो. गाणी, मयताच्या बातम्या, हरवलेल्या गाईंच्या सूचना, सगळं माझ्यातूनच जाई. शिवाय धक्क्यावरच्या पाणीमापकाची तार माझ्यापर्यंत आणली होती. नदी चढू लागली की लिदुविनाने लिहिलेला प्रोग्राम घंटा वाजवी. त्या घंटेच्या भरवशावर खालची वस्ती निर्धास्त असे.

एके दिवशी विभागीय कार्यालयातून इंजिनिअर रेकाल्दे नवाकोरा संगणक घेऊन आले.

"यातही मुक्त स्रोतच आहे, दोन्या. सगळं कसं खुलं!" ते म्हणाले.

माझा तयार प्रोग्राम त्याच्यात उतरवला. तो नीट चालला, आणि मी ओसरीत गेलो.

मग लाकडाने भरलेला एक पडाव धक्क्यावर आदळला आणि मापक मोडला. नवा बसवला, पण त्याचे आकडे वेगळ्या मापातले. प्रोग्राममध्ये दोनच ओळी बदलायच्या होत्या. लिदुविनाने बदलल्या आणि कंपायलरला हाक मारली. नव्या संगणकाने उत्तर दिलं, असा प्रोग्राम इथे नाही.

एरवी तो इंटरनेटवरून आणता आला असता. पण नदीच्या वरच्या अंगाला तुफान पाऊस चालला होता, आणि इंटरनेट सकाळीच बंद पडलं होतं. फोन तेवढा चालू होता. लिदुविनाने इंजिनिअरला फोन लावला.

"अहो, होता तो. आम्हीच काढायला लावला," ते म्हणाले. "सुरक्षिततेचा नियम आहे. आणि रेडिओवाल्यांना काय करायचाय तो? लागलाच तर इंटरनेटवरून घ्या की."

"इंटरनेटच गेलंय, साहेब."

"मग आलं की घ्या."

दोन्या सेफेरिनाने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "तोवर नदीला थांबायला सांगू का, साहेब? तुमचं ऐकेल ती!"

फोन आपटून ती लिदुविनाला म्हणाली, "पोरी, तो म्हातारा आत आण."

मला उचलून आत नेलं. पंखा घरघरला, पण मी सुरू झालो. माझा कंपायलर जागच्या जागी होता. त्याने एका ओळीतला सुटलेला अर्धविराम दाखवला, लिदुविनाने तो घातला आणि प्रोग्राम तयार झाला. तार जोडताक्षणी घंटा वाजायला लागली. पाणी केव्हाच धोक्याच्या खुणेवर गेलं होतं.

"खालच्या वस्तीतल्यांनो, भांडीकुंडी राहू द्या!" दोन्या सेफेरिना माइकवर ओरडली. "पोरं घ्या आणि शाळेकडे चढा!"

माणसं सगळी वाचली. पण त्या वस्तीतल्या हेनारा आयालाची दुभती गाय दाव्यालाच बुडाली. दुसऱ्या दिवशी हेनारा चिखलाच्या पायांनी केंद्रात आली.

"काल सकाळी घंटा का नाही वाजली गं?" तिने विचारलं.

लिदुविनाने मान खाली घातली. मान तिने का खाली घालावी, मित्रांनो? मूळ मजकूर तिचा, अक्कल तिची, नदी तिच्या गावची. फक्त हत्यार कुणी तरी परस्पर काढून घेतलं होतं, आणि वर त्या संगणकाला खुलं म्हणत होते!

पाणी ओसरल्यावर रेकाल्दे फोटोवाल्याला घेऊन आले आणि नव्या संगणकाला खेटून उभे राहिले. दोन्या सेफेरिनाने हेनाराला बोलावून त्यांच्यासमोर बसवलं आणि माइक चालू केला.

"सांगा हिला, कंपायलर का काढला ते. गाव ऐकतंय."

"नियम वरून आलाय, दोन्या," ते पुटपुटले.

"पाणीसुद्धा वरूनच आलं होतं, साहेब!"

हेनारा नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी रेकाल्देंनीच नजर वळवली. आठवडाभरात एक डिस्क आली आणि नव्या संगणकात कंपायलर बसला. हेनाराला गाय मात्र कुणी दिली नाही. नियमही तसाच आहे. नदीकाठच्या बाकीच्या केंद्रांत लिदुविना स्वतः बोटीने डिस्क घेऊन जाते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसा, त्यांना जपा, हे तर मी म्हणेनच. पण तुमच्या शाळेत खुल्या प्रणालीचा नवा संगणक आला, तर आधी कंपायलर शोधा. नसेल, तर आणून देणाऱ्याला विचारा, कुणाच्या सांगण्यावरून काढला? आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.