होयबाची वही

शर्टाच्या खिशात मावेल एवढी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली एखादी वही तुम्ही पाहिली असेल. मित्रांनो, तशीच एक मी. आता मी एका कपाटाच्या खणात असते. माझ्या खाली घडी उलगडली तर फाटतील असे नकाशे आहेत आणि वर एक बंद पडलेले घड्याळ. मला सहसा कुणी उघडत नाही. पण माझ्या पोटात एक वाक्य आहे, ते मला स्वस्थ पडू देत नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलते.

माझ्या जन्मात सांगण्यासारखे फारसे काही नाही. एका यंत्राने कागद कापला, दुसऱ्याने रेघा ओढल्या, तिसऱ्याने पाठीत दोन पिना ठोकल्या आणि झाले माझे बारसे. मग महिनाभर एका दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले. तिथून मला एका आईने उचलले.

तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. ते कुटुंब मॉर्मन पंथाचे. त्या पंथातली तरुण मुले दोन वर्षे घर सोडून दूर जातात, दारोदार फिरून आपल्या धर्माविषयी सांगतात आणि लोकांची पडेल ती कामे करतात. कुठे जायचे हे त्यांच्या हाती नसते. पत्र येते, त्यात गावाचे नाव असते. ह्याच्या पत्रात जे गाव निघाले, तिथली भाषा त्याच्या सात पिढ्यांत कुणी बोलले नव्हते.

निघण्याच्या दिवशी आईने मला त्याच्या खिशात सरकवले आणि वरून हात ठेवला. "बाळा, जे कळणार नाही ते हिच्यात लिहून ठेव. आणि मग कुणाला तरी विचार."

त्यातली पहिली गोष्ट त्याने इमानेइतबारे पाळली.

जाण्याआधी दोन महिने त्याची शिकवणी झाली होती. पण शिकवणीतली भाषा शहाण्या मुलासारखी एका ओळीत चालते, आणि रस्त्यावरची भाषा सुटलेल्या वासरासारखी उधळते. पहिल्याच दिवशी त्याला कळून चुकले की आपल्याला काहीच कळत नाही. त्यात छातीवर काळी पाटी, आणि पाटीवर नावाआधी लिहिलेले 'एल्डर', म्हणजे वडीलधारा. मिसरूड धड फुटलेले नाही आणि पाटी वडीलधाऱ्याची. तिथली म्हातारी माणसे पाटी वाचत, त्याच्या तोंडाकडे बघत आणि हसू दाबत.

ही मुले नेहमी जोडीने राहतात. एकमेकांच्या नजरेआड जायचे नाही असा त्यांचा नियम. ह्याचा जोडीदार वर्षाने मोठा होता, त्याला आपण थोरला म्हणू. थोरल्याला भाषा उत्तम येत होती, म्हणून बोलायचे त्याने आणि मान हलवायची ह्याने. नंदीबैलाने हलवावी तशी हा सगळ्यालाच मान हलवी. चार दिवसांत थोरल्याने त्याचे नाव होयबा ठेवले, आणि ते चिकटले.

पोरगा लबाड नव्हता, भिडस्त होता. समोरच्याला पुन्हा बोलायला लावणे म्हणजे त्याला त्रास देणे, असे त्याला वाटे. भीड ही भिकेची बहीण, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. ते राहत त्या घराची मालकीण रोज जिन्यात त्याला थांबवून काहीतरी म्हणे. हा छातीवर हात ठेवून "धन्यवाद" म्हणे आणि खोलीत आला की ते शब्द कानाला लागले तसे माझ्यात उतरवून घेई. त्याला वाटले, बाई आशीर्वाद देते. पंधरा दिवसांनी थोरल्याने माझे पान वाचले आणि तो खाटेवर गडबडा लोळला. मालकीण म्हणत होती, "चिखलाचे बूट खाली काढून येत जा."

त्या दिवशी दोघेही पोट धरून हसले. मीही मनात हसले. मित्रांनो, तेव्हा मला वाटले होते की न कळण्याची किंमत एवढीच असते.

त्या गावात एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा एकटा राहत होता. जन्मभर त्याने पुस्तके बांधली होती. मुलांनी दार वाजवले तेव्हा तो म्हणाला, "धर्म नको. पण हातात पुस्तक आहे ते दाखवा." पुस्तक त्याने डोळ्यांजवळ नेले, कण्यावरून अंगठा फिरवला, पाने वाकवून शिवण पाहिली आणि म्हणाला, "काम नीट आहे. या आत."

मग दर सोमवारी ते त्याच्याकडे जाऊ लागले. ही मुले चहा-कॉफी घेत नाहीत हे कळल्यावर म्हातारा तीन कपांत नुसते गरम पाणी ओती आणि स्वतःही तेच पिई. "पाहुण्यांना पाणी देऊन मी कसा चहा पिऊ?" असे तो म्हणाला, आणि थोरल्याने ते होयबाला समजावून सांगितले.

तिसऱ्या सोमवारी मी खिशातून घसरून पडले. घामाने माझ्या पिना गंजल्या होत्या, मधली पाने सुटली होती. म्हाताऱ्याने मला जमिनीवरून उचलले, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला आणि काही न विचारता कामाला बसला. गंजक्या पिना काढल्या. टोच्याने भोके पाडली. दोऱ्याला मेण लावले. सुईत दोरा ओवायला त्याला फार वेळ लागला. तीनदा चुकला, चौथ्यांदा सुईचे नेढे ओठांनी चाचपून त्याने दोरा घातला. मुलांना ती म्हाताऱ्याची गंमत वाटली. माझी शिवण पुरी करून त्याने पाठीवर कापडाची पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "आता ही तुमच्यापेक्षा जास्त टिकेल." आयुष्यात मला एवढेच काय ते कौतुक मिळाले. ते हात मी विसरलेले नाही.

पुढच्या सोमवारी निघताना थोरला आधी जिना उतरला. खालच्या मजल्यावरच्या बाईंना कपाट सरकवून हवे होते. कठड्यावरून तो दिसत होता. होयबा वरच्या दारात म्हाताऱ्यासमोर एकटा उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याचे मनगट धरले आणि सावकाश, थांबत थांबत एक वाक्य म्हटले. लांब वाक्य होते. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न होता. होयबाला त्यातला एकही शब्द कळला नाही. म्हातारा थांबला, वाट पाहू लागला.

"हो," होयबा म्हणाला. "हो, हो. नक्की."

म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. त्याने होयबाच्या गालावर हात ठेवला, पाटी लावलेल्या छातीवर दोनदा थोपटले आणि दार लावून घेतले.

जिन्यातच होयबाने मला उघडले आणि ते वाक्य आठवेल तसे लिहून काढले. कुठला शब्द कुठे संपतो ते त्याला माहीत नव्हते, म्हणून त्याने भलतीकडेच तोडले. खाली थोरल्याने विचारले, "काय म्हणत होते?"

मी उघडी होते. शाई ओली होती. फक्त मला पुढे करायचे होते. पण दोन महिने होऊनही एक वाक्य कळू नये, ह्याची त्याला लाज वाटली.

"असंच," तो म्हणाला. "पुन्हा या म्हणाले बहुतेक."

दुसऱ्या दिवशी फोन आला. ह्या मुलांच्या बदल्या अशाच अचानक होतात. बुधवारी सकाळी होयबा बसमध्ये होता आणि दुपारी दुसऱ्या गावात.

दीड वर्ष गेले. ह्या काळात त्याला भाषा आली. इतकी की फोनवर बोलला तर लोक त्याला तिथलाच समजत. नव्या सोबत्याला आता तोच शिकवी. माझ्यात लिहायचे कमी झाले आणि मी बॅगेच्या तळाशी गेले.

एकदा कपडे धुवायच्या दुकानात यंत्र थांबायची वाट बघत दोघे बाकावर बसले होते. नव्याला धीर यावा म्हणून होयबाने मला काढले आणि आपली जुनी पाने मोठ्याने वाचून दाखवू लागला. मालकिणीचे बूट आले. नवा हसला, होयबा हसला, शेजारी कपडे घडी करणाऱ्या बाईही हसल्या. पान उलटले. त्याच सुरात तो पुढचे वाक्य वाचू लागला. तुटलेले शब्द त्याच्या तोंडात आपोआप जुळत गेले आणि तो मध्येच थांबला.

"पुढे काय आहे?" नव्याने विचारले.

होयबाने ते पुन्हा वाचले, फक्त ओठांनी. वाक्य असे होते: गुरुवारी सकाळी नऊला मला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन चल, सोबत माणूस नसेल तर ते ऑपरेशन करत नाहीत, येशील ना?

बाईंचे हसू मावळले. यंत्र थांबले, तरी कुणी कपडे काढायला उठले नाही.

तिथूनच त्याने आपल्या प्रमुखांना फोन लावला. प्रमुख वयस्क गृहस्थ होते, सगळ्या मुलांची देखभाल त्यांच्याकडे होती. "मला परत त्या गावात जायचंय," होयबा म्हणाला. "मी एका माणसाला शब्द दिला होता."

"कधीचा?"

"दीड वर्षापूर्वीच्या गुरुवारचा."

 मग प्रमुख म्हणाले, "उद्या जा. सोबत्याला घेऊन जा."

तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर म्हाताऱ्याच्या शेजारचे दार उघडले. तिथे एक शिंपीणबाई राहत. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी होती. त्यांनी काळी पाटी पाहिली आणि त्याला ओळखले.

"तुम्हीच का ते?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी त्यांनी दाढी केली, पिशवी भरली आणि इथं, ह्या जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, मुलगा न्यायला येतोय. खाली दार वाजलं की मान उंचावायचे. दुपारी दोनला मीच खुर्ची आत नेली."

"मग?"

"मग इस्पितळानं पुढची तारीख दिली ती तीन महिन्यांनी. काचबिंदू तेवढं थांबतो का? मी घेऊन गेले होते तेव्हा. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला." त्यांनी मोजपट्टी गळ्यातून काढून हाताला गुंडाळली. "मला सांगितलं असतं तर मशीन बंद करून गेले असते हो. भिंतीला भिंत आहे आमची."

म्हातारा खिडकीशी बसला होता. टेबलावर कागदांचे गठ्ठे होते, पण दोरा कुठे नव्हता. होयबा त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळे सांगितले. एकही गोष्ट लपवली नाही. कळले नव्हते हे सांगितले, तरी हो म्हटले हे सांगितले, आणि थोरल्याला थाप मारली हेही सांगितले. म्हाताऱ्याने ऐकून घेतले.

"भाषा छान आली तुला," तो म्हणाला.

मग म्हणाला, "तू हो म्हणालास. म्हणून मी शेजारच्या ताईंना विचारलं नाही."

त्यात राग नव्हता. राग असता तर पोराला रडता तरी आले असते.

त्याच्या दोन वर्षांतले शेवटचे दीड महिने उरले होते. प्रमुखांनी ते त्याला त्याच गावात दिले. पहिल्या गुरुवारी नऊ वाजता तो म्हाताऱ्याला इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी दिवा डोळ्यांसमोर धरला आणि पुन्हा तेच सांगितले. पण म्हाताऱ्याचे हात शाबूत होते. शिवण त्याला अंधारातही येत होती, अडत होते ते फक्त सुईपाशी. म्हणून दर गुरुवारी होयबा टेबलाशी बसे आणि तीस सुयांत दोरा ओवून त्या एका उशीत टोचून ठेवी. आठवडाभर म्हातारा त्या एकेक करून संपवी. दोघे फार बोलत नसत. नवा सोबती तीन कपांत गरम पाणी ओती.

शेवटच्या गुरुवारी उशी भरून झाली तेव्हा म्हाताऱ्याने विचारले, "पुढच्या गुरुवारी येशील?"

मी खिशात होते. त्याने वरून माझ्यावर हात ठेवला. ओठांवर आलेला 'हो' त्याने गिळला.

"नाही, आजोबा," तो म्हणाला. "परवा मी घरी जातोय. मी येणार नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. "बरं झालं सांगितलंस. आता ताईंना विचारतो." आणि भिंतीकडे वळून त्याने दोनदा टकटक केली. पलीकडचे शिवणयंत्र थांबले.

ह्या सगळ्याला आता पंचवीसेक वर्षे झाली. होयबाचे केस पिकले, मुली मोठ्या झाल्या. म्हातारा कधी गेला हे आम्हाला कुणी कळवले नाही. त्याने घातलेली माझी शिवण मात्र अजून सैल पडलेली नाही. होयबा वर्षातून एखाद्या वेळी खण उघडतो, मला हातात घेतो, आणि ते पान न उघडता परत ठेवतो. घरात कुणी काही म्हणाले आणि त्याचे लक्ष नसले, तर तो दचकून उठतो. "काय म्हणालीस? पुन्हा सांग," म्हणतो. मुली कंटाळतात. "अहो बाबा, मीठ द्या एवढंच म्हटलं." त्या खुर्चीवर बसलेला म्हातारा त्यांनी पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही, मी तेव्हा दुसऱ्या गावात एका खिशात होते. तरी मला तो दिसतो. मांडीवर पिशवी, दाढी केलेली, कान खालच्या दाराकडे.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. वह्या भरतात आणि रद्दीत जातात, त्याचे दुःख कशाला करायचे? पण जे कळले नाही ते नुसते लिहून ठेवू नका. कागद सगळे सांभाळतो, उत्तर देत नाही. थोडी लाज वाटेल, समोरचा हसेल, एखादे वेळी चिडेलही. तरी विचारा. माणूस दारात उभा आहे तोवर विचारा.