बाईंचा होकार

कायदा विभागातल्या सगळ्यात जुन्या प्राध्यापक म्हणजे बाई. त्यांनी जन्मभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: माणूस ‘हो’ म्हणतो, तेव्हा कायद्याने ते कधी खरं धरावं? ऑपरेशनला हो, राहतं घर सोडायला हो, आपल्या शरीरावर नवं औषध तपासून बघायला हो. एवढ्याशा शब्दावर त्यांनी कपाटभर लिहिलं होतं. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी त्यांना प्रबंधाचं प्रकरण दाखवायला जाताना दाराबाहेर दोनदा पाणी प्यायची, इतका त्यांचा वचक.

अशा बाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर वाचाही गेली. समोरचा काय बोलतोय हे बरंचसं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा. तोही नेमका ‘हो’.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात औषधांचं दुकान चालवायची. दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकून ती धावत आली आणि आईच्या उशाशी बसून राहिली. रुग्णालयातून घरी सोडायचा दिवस जवळ आला तसं तिने आईचा हात हातात घेऊन विचारलं, की माझ्याकडे राहायला येशील ना? बाई म्हणाल्या, “हो.” लेकीचा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी तिने बाईंच्या घरातली आवराआवर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पीएचडीची मुलगी भेटायला आली. आवराआवरीचं ऐकून तिच्या मनात पाल चुकचुकली. लेक चहा प्यायला खाली गेल्यावर तिने हळूच विचारलं, “बाई, तुम्हाला इथेच, आपल्या घरी राहायचंय ना?”

“हो,” बाई म्हणाल्या.

मुलीने खिडकीकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस पडतोय का, असं तिने विचारलं. बाई पुन्हा “हो” म्हणाल्या, आणि मग स्वतःवरच चिडून त्यांनी डावी मूठ गादीवर आपटली.

हे सगळं मुलीने लेकीला सांगितलं तेव्हा लेकीचा चेहरा उतरला, आणि लगेच रागाने लालही झाला. ती म्हणाली, “आईने मला उत्तर दिलंय. आता तिची उलटतपासणी नको.” कितीतरी रात्री तिने खुर्चीत काढल्या होत्या. मुलगी निघून गेली.

पण तिला चैन पडेना. रुग्णालयात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांना ती भेटली. त्या म्हणाल्या, की अशा आजारात एखादा शब्द जिभेवर ठाण मांडून बसतो. मनात ‘नाही’ असलं तरी तोच बाहेर येतो. त्यांनी एका वेळी चित्रांची दोन कार्डं दाखवून पाहिली होती, पण बाईंचा हात दोन्हींवर भिरभिरायचा. नक्की कुठे थांबला, हे सांगायची सोय नव्हती.

विद्यापीठ दर वर्षी आपल्या सगळ्या संशोधनाचं एक जाडजूड पुस्तक काढायचं. मूत्रपिंडापासून भाडेकरारापर्यंत सगळं त्यात असायचं. बाई ते विभागातल्या आपल्या खोलीचं दार अडवायला वापरायच्या. एकाच इमारतीत जन्म जातो आणि खालच्या मजल्यावर काय चाललंय याचा कुणाला पत्ता नसतो, असं म्हणायच्या. मुलीने दारातलं ते पुस्तक उचललं आणि पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचत गेली.

त्यातून तिला सापडला विज्ञान विभागातला एक संशोधक. तान्ह्या बाळांना काय कळतं याचा तो अभ्यास करायचा. बाळं बोलत नाहीत, म्हणून तो त्यांना दोन चित्रं दाखवून कुठल्या चित्रावर नजर रेंगाळते ते मोजायचा, आणि दर वेळी चित्रांच्या जागा बदलायचा. तो म्हणाला, “माझं अर्धं आयुष्य हो न म्हणणाऱ्यांशी बोलण्यातच गेलंय.” तळघरात इंजिनिअरिंगवाल्यांचा एकजण होता. पुलांना जाणाऱ्या तड्यांवर त्याचं काम. सगळे त्याला खटपट्या म्हणत. पुलावरून ट्रक गेला की नुसता वारा लागला, हे ओळखणारे त्याचे यंत्राचे तुकडे होते. ते त्याने एका फळीवरच्या दोन रुंद बटणांखाली बसवले. बटणांवर एकेक चित्र ठेवायचं. चाचपडणारा हात आणि ठरवून दाबणारा हात त्यावर वेगळे दिसायचे.

पहिल्या दिवशी बाळांचा संशोधक घाईत आपलीच चित्रं घेऊन आला. पिवळं बदक आणि लाल चेंडू. बाईंनी बदकाकडे पाहिलं, मग संशोधकाकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने बदक पलंगाखाली भिरकावलं. मग त्या हसायलाच लागल्या. त्या आजारानंतर पहिल्यांदा हसत होत्या. लेक दारात उभी होती. तिने तोंड फिरवून डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी घरातले खरे फोटो स्वतःच काढून आणले.

आधी माहीत असलेल्याच गोष्टी विचारल्या. चहात साखर घेता की नाही, हा नवरा की हा भाऊ. बाईंचा हात ठाम पडू लागला. आता मुख्य प्रश्न विचारायचा होता. तो कसा विचारायचा, हे मुलीने बाईंच्याच जुन्या लेखांवरून लिहून काढलं. उत्तरावर ज्याचं काही अडलंय त्याने प्रश्न विचारू नये, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणजे लेकीने नाही.

लेकीने ते वाचलं. “आणि तिने माझंच घर निवडलं तर?”

“मग तुमच्याकडेच,” मुलगी म्हणाली. तसं होणार नाही याची तिला खात्री होती.

लेकीने कागद परत दिला. “मग तूही आत जायचं नाहीस.”

मुलीने मान डोलावली. आत डॉक्टर एकट्याच गेल्या. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, की तुला वाटतं मी आईला सामानासारखी उचलून नेतेय. मुलगी नाही म्हणाली, पण तसंच वाटत होतं. लेक म्हणाली, “मी लहान असताना आई सतत तुमच्यात असायची. तुमचे प्रबंध, तुमच्या परीक्षा. आता ती माझ्याकडे यावी, असं मला वाटतं. ते स्वार्थाचं असेलही.” मुलीने आपली पाण्याची बाटली पुढे केली, आणि लेकीने ती घेतली.

डॉक्टर बाहेर आल्या. चित्रांच्या जागा बदलून, प्रश्न उलटसुलट करून, मध्ये विश्रांती देऊन विचारलं होतं. दर वेळी हात एकाच फोटोवर पडला होता. लेकीच्या घरावर.

लेक ओंजळीत तोंड लपवून रडली. मुलीच्या तोंडून निघून गेलं, “पुन्हा एकदा विचारून बघू या का?”

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “का? उत्तर चुकलंय, की आवडलं नाही?”

मुलीचे कान तापले. बाईंना एकटीनेच राहायचं असणार, हे तिने त्यांना विचारण्याआधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. लेकीने निदान आपला स्वार्थ कबूल केला होता. मुलगी आत गेली. बाईंच्या मांडीवर लेकीच्या घराचा फोटो होता, आणि त्याच्याशेजारी विभागातल्या खोलीचाही. डॉक्टर म्हणाल्या, की काम सोडायचं का, या प्रश्नाला बाईंनी खोलीच्या फोटोवर फळी इतक्या जोरात दाबली की खटपट्याला तार पुन्हा जोडावी लागली. काम सोडायचं नव्हतं.

बाई लेकीकडे राहायला गेल्या. दुपारी दुकानात बसतात, गिऱ्हाइकांकडे बघतात. आठवड्यातून एकदा मुलगी संगणकाच्या पडद्यावरून त्यांना आपलं प्रकरण वाचून दाखवते. पटलं नाही की बाई फळी दाबतात, आणि लेक मागून सांगते, “अगं, तो परिच्छेद पुन्हा लिही.” तिला आता त्यातलं बरंच कळायला लागलंय.

रुग्णालयाने खटपट्याकडून आणखी एक फळी करून घेतली. परवा तिथे एका बसचालकाला आणलं. त्याची वाचा गेलेली, आणि त्याने कुठे राहावं यावरून दोन भाऊ हातघाईवर आलेले. कुणा तिऱ्हाइताने प्रश्न विचारावा म्हणून डॉक्टरांनी मुलीला बोलावलं. तिने भावांना बाहेर बसायला सांगितलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि आधी चालकाला विचारलं, चहात साखर लागते का.