अपक्ष राजेश्वरी

राजेश्वरीने बापाचं आडनाव टाकलं, तळेगावात भाड्याची खोली घेतली आणि बापावरच गाणी रचली. बाप म्हणजे आबा, वडिवळ्याची धरणाकाठची भातखाचरं बंगलेवाल्यांच्या घशात घालायला निघालेला पुढारी. गाणी इतकी झोंबरी की कामशेतच्या बाजारात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

पंचायत समितीची निवडणूक लागली. आबांनी पुतण्या स्वराजला उभं केलं. समोर दत्तोबा, खाचरं वाचवायला मोजणीवाल्यांपुढे आडवा झोपलेला म्हातारा. आणि तिसरी, आपली अपक्ष राजेश्वरी!

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दत्तोबा बायकोला, कस्तुराबाईंना, घेऊन तिच्या खोलीवर आले.

"पोरी, अर्ज माघारी घे. आमच्या स्टेजवर गा. मतं फुटली तर खाचरं गेली बग आमची."

"आजवर आबांची मुलगी म्हणून जगले, भाऊ. आता तुमची गाणारी म्हणून जगू? मला माझं नाव हवंय."

कस्तुराबाई तिच्या पाया पडायला वाकल्या. तिने त्यांना उचललं, चहा पाजला, पण हट्ट काही सोडला नाही. कपबशी निशाणी घेऊन उभीच राहिली.

आबांनी भर सभेत सांगून टाकलं, "मला लेक न्हाई. मेली ती." राजेश्वरी पोटभर रडली आणि त्या रडण्याचंही गाणं केलं. ते तर घरोघर पोचलं. तिच्या सभांना परवानग्या झटपट मिळाल्या, कुणी स्पीकरची वायर तोडली नाही, एक दगड आला नाही. बाप घाबरलाय, असं तिला वाटलं. फार गोड वाटलं.

निकाल लागला. स्वराज थोडक्यात निवडून आला, दत्तोबा पडले. कपबशीची मतं त्या फरकाहून कितीतरी जास्त होती. मतमोजणीच्या आवारात कस्तुराबाई तिच्यासमोर थांबल्या.

"झालं तुजं नाव?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मिरवणूक राजेश्वरीच्या दारात येऊन थांबली. डीजेवर मेलेल्या लेकीचं गाणं लावलं होतं, तिचंच, आणि पोरं त्यावर नाचत होती. आबा जीपमधून उतरले. मूठभर गुलाल त्यांनी तिच्या कपाळाला फासला.

"तुज्या परवानग्या कोन काढत व्हतं? स्पीकरवाला पन आपलाच," ते तिच्या कानाशी म्हणाले. "बापाला शिव्या देनारी लेक म्हनल्यावर दत्तोबाची मानसं तुज्याकडं वळनार, हे मला पयल्या दिवशीच कळलं. तू म्हाताऱ्याचं आयकशील, येवडीच भीती व्हती. न्हाई आयकलंस. माजंच रगत!"

"आणि मला मेली म्हणालात, ते?"

"त्याबिगर लोकांनी तुज्यावर इस्वास ठिवला असता व्हय?"

तिला ओरडायचं होतं. पण तिच्याच गाण्याच्या दणदणाटात कुणाला ऐकू जाणार होतं? आबा जीपमध्ये चढले आणि मायेनं मागे वळले.

"पुडच्या येळंला पन अपक्षच उभी ऱ्हा, पोरी."