हाड बसलं!

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या म्हाताऱ्याने सफरचंदाचा लचका तोडला आणि बोळक्या तोंडांच्या त्या गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. कालपर्यंत त्याची कवळी शिंकेसरशी बाहेर उडत होती म्हणे!

“चिमूटभर अस्थिचूर्ण कवळीत, कवळी तोंडात, की झिजलेलं हाड पुन्हा अंकुरतं!” अस्थिगुरू गरजले. “ना सुई, ना सुरी, ना डॉक्टरांची कटकट!”

शेवटचा टोला पहिल्या रांगेत बसलेल्या दातांच्या डॉक्टरला बसला. कारण आता मंचावर चढत होती ती तिची स्वतःची आई.

आईच्या खालच्या जबड्याचं हाड झिजून पेन्सिलीएवढं उरलं होतं. एक्स-रे समोर धरून मुलीने सगळं खरं सांगितलं होतं. कमरेचं हाड घेऊन जबड्यात बसवायचं, ते जुळेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यात स्क्रू रोवून पक्के दात.

“हमखास जमेल ना?” आईने विचारलं होतं.

“बहुधा जमेल.”

त्या ‘बहुधा’नेच घात केला. अस्थिगुरूंच्या दुकानात ती वस्तूच मिळत नव्हती, तिथे सगळं हमखास.

मुलगी उठली. पिशवीतून तिने आईची जुनी कवळी आणि जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला, साचा ओला केला. कवळीत आईने विकत आणलेलं गुरूंचंच चूर्ण भुरभुरवून ती साच्यावर दाबली, थोडं थांबली आणि साचा उलटा करून गदागदा हलवला. कवळी जागची हलली नाही.

“हा डिंक आहे, डिंक! लाळेने फुगतो, कवळी चिकटते. थरावर थर चढतात आणि तुम्हाला वाटतं हाड भरलं. उलट वेडावाकडा दाब पडून ते जास्तच झिजतं. सांगा, या प्लास्टरला हाड फुटलं का?”

पुढच्या रांगांतल्या काही माना डोलल्या. तिला वाटलं, पटलं यांना.

“वा, ताई!” गुरू हसले. “आमचं चूर्ण प्लास्टरलासुद्धा दात धरायला लावतं. मग जित्या माणसाचं काय सांगावं!”

पुन्हा टाळ्या. ती मंचाकडे धावली, तर स्वयंसेवकांनी तिचे दंड धरले.

“आई, काही चावू नकोस! जबडा मोडेल गं!”

“गप बस बाई. चारचौघांत शोभा करू नकोस.” मग आईचा आवाज उतरला. “मला माणसांत बसून जेवायचंय गं.”

गुरूंनी चूर्ण लावलेली कवळी आईच्या तोंडात बसवली, दातांत अक्रोड दिला, हनुवटीखाली तळवा लावला आणि वर रेटला. कट्!

“ऐकलंत? हाड बसलं!”

गर्दी उभी राहिली. आईला तोंड मिटता येईना, ओरडता येईना. डोळे तेवढे मुलीला शोधत होते. कवळी मात्र अजून घट्ट होती.

मंडळी, कवळीला डिंक लावण्यात काही पाप नाही, त्याला हाड म्हणण्यात आहे. कोणी ‘हमखास’ म्हणाला, तर त्याच्याकडे दोन एक्स-रे मागा, आधीचा आणि नंतरचा. बास, एवढंच. त्या सभागृहात एकानेही ते मागितले नाहीत. स्वयंसेवकांचे हात झिडकारून वर पोचलेली मुलगी आईचा मोडलेला जबडा दोन्ही हातांनी सावरून मंचावर उभी होती आणि खाली लोक पुढच्या नंबरासाठी हात वर करत होते.