वरून भाजलेला डोंगर

माझा मेहुणा इतका संशयी, की माझ्या बहिणीच्या हातचा चहा मांजराने बशीतून चाटून पाहिल्याशिवाय तो पीत नाही. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा; चहा न मिळाल्यास ते आता उंदीर पकडत नाही.

हा गृहस्थ खडकांच्या गोदामाचा प्रमुख. आणि डोंगरात भोक पाडून खडकाच्या कांड्या वर काढणारा ड्रिलर म्हणजे त्याचाच जावई. कांडी बाहेर आली की तिच्यावर लाल बाण काढायचा, टोक खालच्या बाजूला, आणि मगच ती पेटीत ठेवायची, अशी तिथली पद्धत.

त्या दिवशी मेहुण्याने पेट्या उघडल्या आणि जावयाला हाक मारली. फुकटची करमणूक म्हणून मीही गेलो.

"काय हो जावईबापू, जमिनीच्या पोटात खाली जावं तसा उकाडा वाढतो की कमी होतो?"

"वाढतो, बाबा."

"मग इथे वरच्या कांड्या भट्टीतून काढल्यासारख्या, गार्नेटचे लाल दाणे फुटलेल्या, आणि खालच्या जेमतेम शेकलेल्या कशा? पेटी पाडलीत, उलटी भरलीत आणि बाण नंतर काढलेत!"

"नाही हो!"

"उद्या साहेबांच्या कानावर घालतो. नोकरी गेलीच समजा."

जावयाचा चेहरा खर्रकन उतरला. लेक तिथेच भिंग घेऊन बसली होती, खडकांचंच शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, शेजारी दुसरं भोक पाडू. बाण तुम्ही काढा."

मेहुणा यंत्राला घोरपडीसारखा चिकटला. कांडी वर आली की झडप घालायचा. जावयाला बोट लावू देईना. इतक्या जवळून हुंगायचा की नाकावरही लाल बाण उमटला. टोक खालीच.

पेट्या भरल्या. वर भाजलेलं, खाली कच्चं. पुन्हा तेच!

मेहुणा स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "तुझ्या नवऱ्याने मला काही खाऊ घातलं होतं का गं?"

"बाबा, शर्टाच्या घड्यांवर इस्त्री ठेवली, तर कुठली घडी जास्त तापते?"

"वरची."

"आपल्या कांड्यांच्याही वर, डोंगरमाथ्यावर जो काळपट हिरवा खडक आहे, तो म्हणजे इस्त्री. मूळचा समुद्रतळाच्या खालचा, तेव्हा धगधगता. समुद्रतळाचा दुसरा तुकडा त्याच्या पोटाखाली सरकला आणि वरून भाजून निघाला. इस्त्रीला चिकटलेला थर जास्त शिजला, खालचा कमी. मग सगळं मिळून जमिनीवर चढलं, त्याचा हा डोंगर."

मेहुण्याने नाक पुसलं. मग जावयाला म्हणाला, "राहिली तुमची नोकरी. उद्यापासून बाण तुम्हीच काढा. माझ्या हाताचा मला भरवसा वाटेना."

त्या संध्याकाळी त्याने चहा स्वतः केला. आणि बशी आधी मांजरापुढे सरकवली.