ओट्यापासून एक पाऊल अलीकडे

मी एक जुनी, राखाडी, अंगभर उभे कंगोरे असलेली खरखरीत फरशी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझ्यासारखीला स्वयंपाकघरात कुणी बसवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आमची जागा उतारावर, गाडी लावायच्या जागेत, फार तर अंगणात. तरी गेली अकरा वर्षं मी एका स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यापासून बरोबर एक पाऊल अलीकडे, ऐटीत बसले आहे. ते कसं झालं, तेच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. माती दळली, चाळली, यंत्राखाली दाबली आणि भट्टीत घातली. बाहेर आल्यावर माल तपासणाऱ्या बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि सरळ बाजूला ठेवलं. आमच्या घाण्याचा रंग फसला होता. कुणी गडद निघाली, कुणी फिकी. कोपरे सरळ होते, पाठ मजबूत होती, पण रंगाने घात केला आणि आमच्या खोक्यावर 'दुय्यम' असा शिक्का बसला. मला भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू?

दुकानात तर आणखी शोभा झाली. चकचकीत फरश्या पुढे दिव्यांखाली नटून उभ्या, आणि आम्ही मागे फुटक्या बेसिनच्या शेजारी. दुकानदाराला एक दिवस मागचं दार उघडं ठेवायला काहीतरी हवं होतं. त्याने खोक्यातून मला उपसलं आणि दाराला टेकवून ठेवलं. वारा सुटला की दार माझ्या अंगावर आदळायचं. असे माझे काही महिने गेले.

मग एके सकाळी तिघं जण दुकानात आले. एक उंच, सडपातळ म्हातारबुवा, त्यांची बायको आणि त्यांची लेक. म्हातारबुवा लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, कारण त्यांना दिसत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी एका वसतिगृहात आचारी म्हणून काम केलं होतं. दोनशे मुलं त्यांच्या हातचं जेवून मोठी झाली. पुढे काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. नोकरी सुटली, तरी घरचा स्वयंपाक त्यांनी सोडला नव्हता. पण घरात जमिनीवर प्लास्टिकचा पत्रा अंथरलेला होता, तो ओट्यापाशी फाटला. आचारीबुवांचा पाय त्यात अडकला आणि तापलेल्या दुधाचं पातेलं खाली आलं. पाय थोडक्यात वाचला. त्या दिवशी त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, निक्षून सांगितलं होतं, यापुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

तेव्हापासून आचारीबुवा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे. आतून कांदा परतल्याचा वास आला की म्हणायचे, "करपतोय, जाळ कमी करा." त्यांना दुसरं काही नको होतं. स्वतःच्या हाताने चार माणसांचं जेवण रांधायचं होतं, एवढंच.

"स्वस्तातली दाखवा," लेक दुकानदाराला म्हणाली. "पण टिकली पाहिजे."

दुकानदाराने एक गुळगुळीत फरशी पुढे केली. "ही घ्या ताई, उरलेला माल आहे, पडत्या भावात देतो. आरसा आहे आरसा! बघा, तोंड दिसतंय."

"मी काय करू तोंड बघून?" आचारीबुवा म्हणाले.

दुकानदार ओशाळला. बाईंना मात्र हसू आवरेना.

मग आचारीबुवांनी चपला काढल्या. दुकानातल्या सगळ्या फरश्या ते अनवाणी पायांनी बघू लागले. आरशासारख्या फरशीवर बाईंनी पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी सांडलं, तर पाय सर्रकन घसरला. ती बाद झाली. एक फिकी पिवळी, किंचित खडबडीत फरशी सगळ्यांना पटली. स्वस्तही होती, पण तिची खोकी कमी होती. स्वयंपाकघर पुरं झालं नसतं. आता काय करायचं, असा घोळ चालू असताना आचारीबुवा दाराकडे दोन पावलं सरकले आणि त्यांची करंगळी माझ्यावर आपटली.

"आई गं!" ते ओरडले. खाली वाकले. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण त्यांनी माझ्या कंगोऱ्यांवरून बोटं फिरवली, मला जमिनीवर आडवी केली, मग उठून पायाचा तळवा ठेवला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगं, ही हवी मला," ते बायकोला म्हणाले.

"अहो, ही? ही दाराला लावलीय! स्वयंपाकघर आहे ते आपलं, वाहनतळ नव्हे."

"सगळीकडे नको. ओट्याच्या अलीकडे एक ओळ फक्त. पायाला ही लागली की समजायचं, शेगडी एका पावलावर आहे. आणि तुमची पिवळीही पुरेल."

पाहुणे काय म्हणतील, हे बाईंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. लेकीने मात्र टेप काढली आणि माझी लांबी मोजली. दुकानदार म्हणाला, "न्या हो अख्खं खोकं, मागची जागा तरी मोकळी होईल." अशी मी विकली गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हवीशी म्हटलं होतं आणि मला रडता येत असतं तर मी रडले असते.

पण मित्रांनो, माझं नशीब इतकं सरळ कुठलं! फरशी बसवणारा मिस्त्री कामाला लागला तेव्हा घरचे सगळे शेजारी जाऊन बसले होते. मिस्त्री हाताचा सफाईदार आणि मनाचा चांगला. त्याने पिवळ्या फरश्या बघितल्या, मग आम्हाला बघितलं आणि चुकचुकला. त्याच्या धंद्यातली रीत ठरलेली: जो माल कुरूप, तो कपाटाखाली आणि फ्रिजच्या मागे घालायचा. चांगला माल दर्शनी. घरच्यांवर उपकार करतोय अशा समजुतीत त्याने आम्हा सगळ्यांना कपाटाच्या जागी नेऊन बसवलं. मी अंधारात सिमेंटवर पडून म्हटलं, संपलं सगळं!

संध्याकाळी आचारीबुवा आले. मिस्त्रीने कडेने फळी टाकून दिली होती. तिच्यावर उभे राहून ते वाकले आणि ओट्याच्या अलीकडे जमिनीवर हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"माझी ओळ कुठाय?"

"काका, ती कपाटाखाली घेतली. दिसायला वाईट दिसत होती," मिस्त्री म्हणाला.

"दिसायला?" आचारीबुवांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मिस्त्री, मला दिसत नाही हो. ती ओळ नसली तर मी या खोलीत उभा राहू शकत नाही."

मिस्त्रीच्या हातातली थापी तशीच राहिली. मग तो खाली बसला आणि ओल्या सिमेंटमधून आम्हाला एकेक करून हलक्या हाताने सोडवू लागला. त्याने ओट्यापासून दोरी ताणली, आचारीबुवांचं पाऊल मागून घेतलं आणि त्या मापाने पिवळ्यांच्या जागी आमची ओळ लावली. वरचे पैसे देऊ केले तर म्हणाला, "राहू द्या काका, कधीतरी जेवायला बोलवा."

त्यानंतरची वर्षं फार सुखाची गेली. आचारीबुवा दारातून चार पावलं टाकत, पाचव्या पावलाला मी लागायची, की ते थांबत. मग हात पुढे करून ओट्याची कड, कडेवरून शेगडी, शेगडीवरून पातेलं. काय सुंदर हात होता त्यांचा! मीठ मुठीत घेऊन वजन सांगायचे. मिस्त्रीही जेवून गेला, दोनदा. बाई मात्र रोज दारात उभ्या. हात पुढे केलेला, पदर खोचलेला, जणू आत्ता झेलायचंय. "अहो, डावीकडे. अहो, सांभाळून." आचारीबुवा म्हणायचे, "अगं, फोडणीत मोहरी टाकू की तुला?" तरी त्या हलायच्या नाहीत.

आता वाईट भाग सांगते. स्वयंपाक म्हटला की तेल उडणारच. बाई रोज फडक्याने पुसायच्या, अगदी नेमाने. पण फडकं माझ्या कंगोऱ्यांच्या डोक्यावरून जायचं. मधल्या खाचांत तेल बसलं, तेलावर पीठ, पिठावर धूळ. वर्षं गेली तशा माझ्या खाचा बुजल्या. रंग माझा मुळात मळका, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. मला कळत होतं. मी आतून ओरडत होते. फरशीचं कोण ऐकतं?

मागच्या वर्षी एका दुपारी बाई तवा तापत ठेवून क्षणभर बाहेर गेल्या होत्या, तेवढ्यात आचारीबुवा आले. चार पावलं, पाचवं माझ्यावर पडलं, आणि त्यांना काहीच लागलं नाही. त्यांनी सहावं टाकलं. हात पुढे गेला तो थेट तापल्या तव्यावर.

तळहात चांगला भाजला. बाईंनी पट्टी बांधली आणि रडत रडत पुन्हा तेच सांगितलं, "बस्स झालं. आता आत यायचं नाही." आचारीबुवांनी वाद घातला नाही. "माझ्याच पायाची जाण गेली असेल," एवढं म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. ते ऐकून माझ्या जिवाला किती लागलं, काय सांगू! त्यांच्या पायाचा काही दोष नव्हता.

पंधरा दिवस असेच गेले. एकदा बाईंच्या हातून वाटी पडली आणि सांडलेला रवा गोळा करायला त्या माझ्यावर वाकल्या. रवा खाचेत जाईना. त्यांनी नखाने उकरलं तर नखात काळं, मेणासारखं किटण आलं. त्या तशाच खाली बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "पाय नाही गेला त्यांचा. मीच बुजवून टाकली ही."

त्यांनी पाणी उकळलं, सोडा घेतला, दात घासायचा जुना ब्रश घेतला. तीन दुपारी त्या गुडघ्यांवर बसून आम्हाला घासत होत्या. एकेक खाच, एकेक कंगोरा. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे: घरात जी वस्तू रोज निमूट कामाला येते, तिच्यावरून नुसतं फडकं फिरवू नका. कधीतरी वाकून बघा, ती अजून ठीक आहे का. आम्हाला सांगता येत नाही हो.

तिसऱ्या दुपारी बाई बाहेरच्या खोलीत गेल्या आणि आचारीबुवांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं. तिथे हात सोडला. ते चार पावलं चालले. पाचव्याला मी त्यांच्या तळव्याला कडकडून भेटले आणि ते जागच्या जागी थांबले.

"आहे की!" ते म्हणाले, आणि त्यांनी पायाची बोटं माझ्या कंगोऱ्यांवरून फिरवली.

मी वाट बघत होते, आता बाई दारात उभ्या राहतील. पण त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, पायात चपला घातल्या.

"मी बाजारात जाऊन येते," त्या म्हणाल्या. "यायला तासभर लागेल. जेवायला काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

बाहेरचं दार लागलं. आचारीबुवा माझ्यावर उभे होते, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनी हात पुढे करून शेगडी पेटवली.