बाहेर तुमचे मालक बसलेत

संगप्पा म्हणजे हट्टी माणूस. निलंग्याच्या बाजारात त्याचं वाणसामानाचं दुकान. स्वतः सातवीतून शाळा सोडून गल्ल्यावर बसलेला, आणि बायकोला बी.ए. करायचं डोक्यात घेतलेलं! लग्न झालं तेव्हा रुद्राणी नांदेडच्या कॉलेजात शिकत होती. आता पुस्तकं माळ्यावर गेली, हे ती धरूनच चालली होती. पण हा गडी दर जूनला तिला स्वतः एसटीनं नांदेडला माहेरी पोचवून यायचा. भावकी हसायची. "बायको शिकून तुझ्या पुड्या बांधणार का रे?" हा म्हणायचा, "दुकानाला पाऊस लागतो. पाऊस न्हाई तर गिऱ्हाईक न्हाई. डिग्रीला पाऊस लागत न्हाई. एकदा घेतली की म्हातारपणापत्तूर पुरती."

मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. दुकानात गिऱ्हाईक कमी, माश्या जास्त. त्यातच उन्हाळ्यात रुद्राणीची शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. संगप्पानं दुकानाला कुलूप घातलं आणि नांदेडला जाऊन कॉलेजच्या गेटासमोर मुक्काम ठोकला. रस्त्याच्या कडेला एक वाळकी बाभूळ होती, तिच्याखाली पोतं टाकून, मांडी घालून बसायचा. पेपर सुटेपर्यंत हलायचा नाही. समोरचा हॉटेलवाला म्हणाला, "मालक, आत सावलीत बसा की." तर म्हणे, "ती आत तापून राहिली, मी सावलीत कसा बसू?" आता अशा माणसाला काय म्हणावं!

शेवटचा पेपर इंग्रजीचा. रुद्राणीला खिडकीतून तो दिसायचा. अर्धा पेपर झाला होता, तिनं मान वर केली, तर संगप्पा बसल्या जागी एका कुशीवर कलंडलेला. पेपर तसाच टाकून ती पळाली. दवाखान्यात त्यानं एकदाच डोळे उघडले. "पेपर कसा गेला?" म्हणाला. अर्धा टाकून आले, असं कोणत्या तोंडानं सांगावं? ती नुसती रडत राहिली. संध्याकाळी तो गेला. ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही.

प्रेत निलंग्याला आणलं. लिंगायतांत माणसाला आडवं पुरत नाहीत. पूजेला बसावं तसं मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. संगप्पालाही त्याच्याच शेतात तसं बसवलं. जमीन एवढी कडक झाली होती की खड्डा खणता खणता टिकावाचा दांडा मोडला. बेल, भस्म झालं. माती लोटायच्या आधी विधी करणारे स्वामी म्हणाले, "घरच्यांनी एकदा बघून घ्या." रुद्राणी वाकली. भस्मानं पांढऱ्या झालेल्या त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "पास झाले."

मेलेल्याशी खोटं बोलू नये, हे काय कुणी शिकवावं लागतं? पण त्या घडीला बाईला दुसरं काय सुचणार होतं, तुम्हीच सांगा! त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते तिनं दिलं. मागं तिची सासू गौरम्मा उभी होती, तिनं ते ऐकलं.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत नापास. रुद्राणीनं निकाल चुलीत घातला आणि ओठ शिवून टाकले. तोवर निलंगाभर झालं होतं की संगप्पाची बायको ग्रॅज्युएट. लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे, तार वाचायला यायचे. ती मान खाली घालून वाचून द्यायची.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, उदगीरकडची एक कासारीण बांगड्या विकायला दारात आली. ओटा चढत म्हणाली, "बाई, तुमचे मालक बाहेर उन्हात बसलेत. आत तरी बोलवा." रुद्राणी हातातलं काम टाकून धावली. बाहेर येऊन बघते तर रिकामा रस्ता आणि धुरळा. मग हे सुरूच झालं. कधी नवा पोस्टमन, कधी एसटी स्टँडवर शेजारी बसलेली बाई. जे संगप्पाला ओळखत नव्हते, तो मेलाय हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाच तो दिसायचा. आणि दिसायचा भरदुपारी, मांडी घालून, दाराकडे तोंड करून. रुद्राणीला मात्र कधी दिसला नाही. ती भिंतीला टेकून रडायची, "अहो, दिसा तरी एकदा!" म्हणायची.

गौरम्माला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारी आपली रोज दुपारी ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. हंडाभर पाण्यासाठी बाया भांडत होत्या तेव्हासुद्धा ठेवायची. रुद्राणीला वाटायचं, येत्याजात्या वाटसरूसाठी असेल. दिवस मावळला की तांब्या रिता व्हायचा.

अशी वर्षं गेली. दुकान बसलं ते बसलंच. शेतातलं कसंबसं दोघींना पुरायचं. गौरम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तो काढायला हातात काही नव्हतं. मग ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, निलंगा त्यात गेला, आणि बातमी आली की नव्या कचेऱ्यांत शिकलेल्या बायका घेऊन राहिलेत. "कशाला ती नौकरी?" गौरम्मा फटकन म्हणाली. "हाय त्यात भागतंय न्हवं?" रुद्राणीला नवल वाटलं. गावभर सुनेच्या डिग्रीचा डंका पिटणारी हीच म्हातारी!

तरी ती लातूरला गेली. नुसतं विचारून तर येऊ, म्हणाली. कचेरी इतकी नवी की भिंतींना चुन्याचा वास. साहेब जेवायला गेले होते. दस्तगीर नावाचा शिपाई आला आणि म्हणाला, "बाई, तुमचे मालक बाहेर धुपात बसलेत. आत या म्हटलं, तर हां न्हाई का ना न्हाई."

रुद्राणीनं बाकाची कड धरली. "काहीच बोलले न्हाईत?"

"एकच विचारलं. निकाल लागला का, म्हणाले."

तेव्हा तिला उमगलं. म्हणजे त्या दिवशी खड्ड्यात ती बोलली, ते त्याला पटलंच नव्हतं! नापास झालेल्या बायकोच्या निकालाची वाट बघत तो इतकी वर्षं उन्हात बसला होता. साहेब आले. "डिग्री आणलीय?" त्यांनी विचारलं. "न्हाई साहेब, नापास हाय. इंग्रजी राहिलंय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे तिच्या तोंडून बाहेर पडलं. साहेब भला माणूस. म्हणाला, "मग बाहेरून बसा की परत. जागा अजून भरायच्याच आहेत."

पुढच्या उन्हाळ्यात ती नांदेडला त्याच कॉलेजात पेपरला बसली. भोवती सगळी पोरंपोरी, मधे ही पांढऱ्या कपाळाची बाई. खिडकीकडे बघायचंच नाही असं ठरवून तिनं लिहायला घेतलं. अर्धा पेपर झाला. आणि वर्गावरचे मास्तर, तिच्यासाठी अगदी परके, खिडकीशी जाऊन थांबले.

"अरे, बाहेर कुणाचं माणूस आहे ते? बाभळीखाली?" ते म्हणाले. "कलंडलं की! पडलं!"

रुद्राणीचा हात थांबला. पाय आपोआप बाकाबाहेर गेले. तो पडलाय, उठ, पळ! खराच कुणी परका माणूस असला तर? आणि तोच असला तर? मागच्या वेळी ती उठली, म्हणून तर तो बसून राहिला होता. तिनं पाय परत आत घेतले, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि लिहायला लागली. डोळ्यांतलं पाणी शाईवर पडत होतं. मास्तर दोनदा म्हणाले, "बाई, तुमचं कुणी आहे का?" तिनं मान हलवली. नाही.

पेपर सुटल्यावर ती धावत बाभळीखाली गेली. कुणी पडलेलं नव्हतं, कुणाला उचलून नेल्याचं हॉटेलवाल्यालाही माहीत नव्हतं. फक्त धुरळ्यात कुणी मांडी घालून बसावं तेवढी जागा दबलेली होती. तिनं हात लावला. माती गार होती, त्या तसल्या उन्हात.

ती पास झाली. निकाल घेऊन थेट शेतात गेली, समाधीपाशी बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "पास झाले हो!" पाखरूसुद्धा हललं नाही.

त्यानंतर सगळं संगप्पाच्या शब्दाप्रमाणं झालं. लातूरला नोकरी लागली, महिन्याच्या महिन्याला पगार, पाऊस पडो न पडो. राहायला सरकारी खोल्या, घरात नळ. गौरम्माचा मोतीबिंदू निघाला. दारावर पाटी लागली, तिच्या नावाची, पुढं बी.ए. नवरा गेल्यावर जे लोक तिला अवलक्षणी म्हणायचे, ते आता पोरींना घेऊन सल्ला विचारायला यायचे. रोज दुपारी ती दस्तगीरला विचारायची, "बाहेर कोणी बसलंय का हो?" तो बघून यायचा. "न्हाई बाई. कोणीच न्हाई."

एके दिवशी संध्याकाळी ती कचेरीतून घरी आली, तर गौरम्मा पायरीवर बसलेली. पुढ्यात तोच जुना तांब्या.

"आज बी तसाच," म्हातारी म्हणाली. "तू पास झालीस तवापासून एक घोट कमी झाला न्हाई."

रुद्राणी तिच्याशेजारी पायरीवर बसली. "तुम्हाला ठाऊक होतं, आत्याबाई?"

"खड्ड्यात तू त्याच्या कानाशी बोललीस, तवा तुझं तोंड बघितलं होतं मी. खोटं कळतंय की आईला. मला बी तो कधी दिसला न्हाई. पण तांब्या रिता होत होता."

"मग बोलला का न्हाईत? मी कधीच परत बसले असते परीक्षेला!"

"म्हणून तर बोलले न्हाई," गौरम्मा म्हणाली. "तू पास झाली असतीस, तो उठून गेला असता. गावाला उगंच सांगत हिंडले का मी, सून पास झाली म्हणून? तुला परत बसायची लाज वाटावी, म्हणून सांगत होते. इतकी वर्षं माझ्या लेकानं दारात बसून पाणी पिलं, रुद्राणी. तुझी डिग्री आली आणि माझा लेक गेला."

रुद्राणीला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आत नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती. तिनं तांब्या उचलला. काठोकाठ भरलेला होता. ते पाणी कुठं ओतावं ते तिला कळेना, आणि तो तसाच हातात धरून ती दारात उभी राहिली.